वेड्या बाभळीचं बी

१८ मार्च

ही डायरी औषधाच्या कंपनीची आहे. दर पानाच्या तळाला पित्ताच्या गोळीचं नाव छापलंय. आरतीनं आणून दिली. आरती माझी एकुलती एक मुलगी, गावातल्याच उपकेंद्रात नर्स. काल तिनं माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि दंडाचा पट्टा सोडता सोडता म्हणाली, अण्णा, तुम्हाला मीठ बाधत नाही, राग बाधतो. यापुढे राग आला की कुणाच्या दारात जायचं नाही, यात लिहायचं. भिंगारला लष्कराच्या पंपहाऊसवर उभी नोकरी लॉगबुक लिहिण्यात गेली. कुठला पंप कधी सुरू केला, कधी बंद केला. राग लिहायची सवय नाही. बघू.

तर राग असा की शेवगावच्या लोकांनी आज फोनवर नकार कळवला. हे तिसरं स्थळ. आले तेव्हा पोहे खाल्ले, चहा दोनदा घेतला, मुलाच्या आईनं आरतीचा हात हातात धरून कौतुक केलं. आणि आज म्हणे, सध्या आमचा विचार नाही. विचार नव्हता तर पोहे कशाला खाल्ले?

कुणीतरी मध्ये काडी घालतंय. कोण घालतंय तेही मला ठाऊक आहे.

२१ मार्च

नाव लिहूनच टाकतो. बिभीषण. आमच्या भागात हे नाव पुष्कळांचं असतं, पण याला शोभतं. माझा चुलत भाऊ, माझ्याहून धाकटा. त्याचं नि माझं रान एका बांधाला. मी भिंगारला होतो तेव्हा यानं नांगर घालून तो बांध खाल्ला. इथं माझी बायको मुक्ता एकटी शेत बघायची. ती त्याच्याशी भांडभांड भांडली. त्याच वर्षी पावसाळ्यात तिला रानात साप चावला आणि ती गेली. आठ वर्षं झाली. मी रिटायर होऊन गावी आलो तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.

पुरावा काय, असं आरती विचारते. त्याला ती अजून तात्या म्हणते. पुरावा हा. शेवगावचे लोक आले तेव्हा फाट्यावर त्यांनी रस्ता विचारला तो बिभीषणला. त्याआधीच्या पाहुण्यांची गाडीही त्याच्याच दारासमोर थांबली होती. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो माझ्या नजरेला नजर देत नाही. समोरून येताना दिसलो तर चपलेत खडा गेल्यासारखं करून खाली वाकतो. चोराच्या मनात चांदणं. ज्यानं काही केलं नाही तो माणूस खाली कशाला बघेल?

आरती मात्र धीराची. नकाराचा फोन आला त्या संध्याकाळी गाणं म्हणत भाकरी थापत होती. बापाला वाईट वाटू नये म्हणून. मला भडभडून आलं.

२ एप्रिल

आज सुचलं. इतकं सोपं आहे की आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल.

तळ्यावर गेलो होतो. भिंतीच्या पलीकडं वेड्या बाभळीचं रान माजलंय. माणूस आत शिरला तर अंगावर धडका कपडा घेऊन बाहेर येत नाही. आता शेंगा पिकल्यात, पिवळ्याजर्द, गुळासारखा वास. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून ओरबाडत होत्या. आणि तळ्याच्या कडेला ओलीवर जुन्या लेंड्या पडल्या होत्या, त्यांतून कोवळी रोपं वर आली होती. एकेका लेंडीतून दोन-दोन. शेंग पचते, बी पचत नाही. उलट पोटातून फिरून आलेलं बी जास्त जोमानं उगवतं.

भिंगारला पाइपलाइनवरची ही बाभळ आम्ही दरसाल तोडायचो. दरसाल दुप्पट व्हायची. मुळी अशी खाली जाते की पाण्याला भेटल्याशिवाय थांबत नाही. एकदा रानात बसली की त्या रानाचा मालक ती, सातबारा कुणाच्याही नावावर असो.

बिभीषणचं तळ्याखालचं रान म्हणजे त्याचा जीव. विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी. बाकी त्याची सगळी माळाची खडकाड जमीन. आमच्या पाथर्डीकडं दिवाळी सरली की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. मुक्ता गेली त्या वर्षी यानं चांगली चालती जीप विकून टाकली, का ते देव जाणे, आणि दोन हंगाम कोयता घेऊन गेला. मग विहिरीला पाणी लागलं आणि कोयता सुटला. ते रान गेलं तर पुन्हा कोयता. या वयात, थंडीत, पाचटाच्या खोपीत.

मला त्याच्या हातात कोयता बघायचाय. माझ्या पोरीचं घर वसू देत नाही ना, मग त्यालाही घरी बसू द्यायचं नाही.

५ एप्रिल

आरतीला सहज विचारलं, ही वेडी बाभळ बाहेरून आली म्हणतात ते खरं का. तिनं मोबाईलवर बघून सांगितलं, ही बाभळ नाहीच म्हणे. आपल्या सौंदडीच्या, म्हणजे शमीच्या कुळातली आहे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या सौंदडीची चुलत बहीण.

म्हणजे इथंही भावकीच निघाली. मी हसलो तर ती म्हणाली, अण्णा, बऱ्याच दिवसांनी हसलात.

१३ एप्रिल

रोज सकाळी तळ्यामागं जातो. आरतीला सांगतो फिरायला जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. पोती भरून शेंगा गोळा झाल्या. हाताची चाळण झाली, गुडघ्यात एक काटा मोडून बसलाय. पण कामाला बरकत आहे. मुक्ता गेल्यापासून कुठल्याच कामात असं मन लागलं नव्हतं. भूक लागते. झोपही लागते.

आरतीनं ब्लडप्रेशर मोजलं, ते उतरलंय. म्हणाली, बघा, लिहिण्यानं फरक पडतो.

२१ एप्रिल

बन्सी धनगराला गाठलं. उन्हाळ्यात त्याचा मेंढरांचा वाडा आमच्या शिवारात उतरतो. रीत अशी की धनगरानं मेंढ्या रात्रीच्या कुणाच्या रानात बसवायच्या, लेंड्यांनी रान पिकतं, आणि शेतकऱ्यानं त्याबद्दल धान्य द्यायचं. मी बन्सीला म्हणालो, धान्य माझ्याकडून घे, मेंढ्या बिभीषणच्या रानात बसव. आणि बसवायच्या आधी दोन-तीन दिवस ह्या शेंगा चार. चारा फुकट, धान्य वेगळं.

बन्सीनं पोत्यात हात घातला, शेंगा बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "हे बी लेंडीतनं सगळं रानात पडंल, ठावं हाय ना? पाव्हण्याचं रान जाईल."

मी म्हणालो, आमच्या घरातला मामला आहे. तू त्याला सांग, वाट वाकडी झालीय, बसू द्या, काही देऊ नका.

तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, मेंढराला उन्हाळ्यात काय मिळतंय, खातील बापडी. बाजरीचं एक पोतं ठरलं.

२९ एप्रिल

बसल्या. मेंढ्या बिभीषणच्या रानात बसल्या. आज जाऊन लांबूनच बघितलं, सगळं रान काळं दिसतंय लेंड्यांनी. बन्सी सांगत होता, पाव्हणा काहीच बोलला नाही. फुकट म्हटल्यावर नुसता बघत राहिला. त्याची बायको रंगुबाई बाहेर येऊन काहीतरी बोलायला लागली, तिला हातानंच गप्प केलं. मग स्वतः मेंढ्यांना पाणी काढून दिलं.

फुकट म्हटलं की माणसाची अक्कल चरायला जाते. नाहीतर धनगर कधी फुकट बसतो का? एवढं साधं त्याला कळलं नाही. आता पाऊस यायचा तेव्हा येऊ दे. मी वाट बघू शकतो. माझी नोकरीच वाट बघण्याची होती, टाकी भरेपर्यंत.

८ मे

काष्टीकडचं स्थळ आलं. मुलगा शुगर फॅक्टरीत केमिस्ट, घरी ऊस, आई-वडील शांत. रविवारी येणार. या वेळी त्यांना मीच फाट्यावर घ्यायला जाणार, म्हणजे कुणाला रस्ता विचारायचीच वेळ येणार नाही. बिभीषणच्या दारावरून न आणता तळ्याच्या अंगानं आणणार. रस्ता खराब आहे, पण चार धक्के खातील.

आरती फोन घेऊन दोनदा गच्चीवर गेली. खाली रेंज नसते म्हणते. मला तर खाली बसून रेंज येते.

१७ मे

काष्टीकरांचाही नकार.

मुलगा आरतीशी वेगळं बोलला होता, चांगला अर्धा तास. जाताना माझ्या पाया पडला. मला वाटलं जमलं. आणि आज त्याच्या वडिलांचा फोन. आवाजात अवघडलेपण होतं. म्हणाले, तुमची मुलगी गुणी आहे, पण योग नाही. मी विचारलं, कुणी काही सांगितलं का तुम्हाला? ते म्हणाले, तसं काही नाही, आणि फोन ठेवला. तसं काही नाही म्हणजे तसंच काहीतरी आहे.

तळ्याच्या रस्त्यानं आणूनही यानं गाठलंच. कसं गाठलं ते कळत नाही. माणूस घरबसल्या फोनवरून काय वाटेल ते करू शकतो. मनात थोडीशी चुटपुट होती की रानाचं फार होतंय का, ती आज गेली. थोडंही फार होत नाहीये.

१९ जून

पाऊस वेळेवर झाला. बिभीषणनं रानात कुळवाची पाळी घातली, बाजरी आणि मध्ये तुरीची ओळ. लेंड्या मातीत नीट मिसळल्या गेल्या. माझं काम त्यानंच पुरं केलं.

३ जुलै

उगवली.

बांधावर उभा राहून पोटभर बघितलं. बाजरी बोटभर वर आलीय आणि तिच्या ओळीत, ओळीबाहेर, तुरीच्या बुडाशी, जिकडं बघावं तिकडं ती. बारीक पिसांसारखी पानं, नाजूक. बघणाऱ्याला वाटावं लाजाळू आहे. अजून काटा मऊ आहे. महिनाभरात कडक होईल. मुळी तर आत्ताच बोटापेक्षा लांब गेली असेल.

बिभीषण पलीकडच्या कडेला उकिडवा बसला होता. खुरपं मांडीवर, हात मोकळा. खुरपत नव्हता. नुसता रानाकडं बघत होता. मला बघून उठला नाही, खालीही वाकला नाही. बसून राहिला.

मी घरी येऊन गुळाचा चहा करून प्यालो. दोन कप.

९ जुलै

आज मुक्ताचं श्राद्ध. रंगुबाई दरवर्षी सकाळीच येऊन चूल धरते, तशी आली. मी तिला काही बोलत नाही, ती बाई चांगली आहे. जेवायला भावकी आली. बिभीषण दरवर्षीसारखा आला, मांडवाच्या बाहेर उभा राहिला, फोटोला लांबूनच हात जोडले आणि पंगत बसायच्या आत निघून गेला. आठ वर्षांत या माणसानं मुक्ताच्या श्राद्धाचा एक घास खाल्लेला नाही. मेलेल्या बाईशीसुद्धा वैर. बांधावरून भांडली होती ना ती, ते अजून धरून बसलाय.

पानं उचलताना रंगुबाई आरतीला सांगत होती की, औंदा रानात येड्या बाभळीनं लई जोर केलाय, आन् हे मानूस खुरपाया तयार न्हाई. मजूर लावते म्हनलं तर लावू देत न्हाई. आरती माझ्याकडं बघत होती. मी ताक मागितलं.

१२ जुलै

काय लिहू. आज दुपारी आरती समोर येऊन बसली. उपकेंद्रातून लवकर आली होती. म्हणाली, अण्णा, तुम्ही बन्सीला बाजरी कशाची दिली? कोठीतलं पोतं गेलं ते मला वाटलं विकलं. आज बन्सीची बायको लेकराला सुई टोचायला आली होती, तिनं सांगितलं.

मी सगळं सांगून टाकलं. लपवायचं कशाला? म्हटलं, त्यानं तुझी चार स्थळं मोडली, मी त्याचं एक रान मोडलं. अजून तीन राहिली.

 मग ती हळू आवाजात म्हणाली, "तात्यांनी न्हाई मोडली. मी मोडली."

चारही. स्वतः फोन करून. मुलाला सरळ सांगायची, मला आत्ता लग्न करायचं नाही, तुम्हीच नाही म्हणा, मी नाही म्हटलं तर अण्णांचं ब्लडप्रेशर वाढतं. तिला मोठ्या सरकारी दवाखान्याची परीक्षा द्यायचीय. गेल्या वर्षभर अभ्यास करतेय, गच्चीवर बसून. काष्टीच्या पोराला तर तिनं घरातच सांगितलं, त्या अर्ध्या तासात. तो म्हणाला, मी बघतो काय सांगायचं ते. म्हणून तर जाताना माझ्या पाया पडला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमाला सांगायला गेलं की तुमी आधी कुनाचं तरी नाव घेता. मग माझं बोलणं ऱ्हाऊनच जातं."

चोर सोडून संन्याशाला फाशी. वड्याचं तेल वांग्यावर. म्हणी सगळ्या येतात मला.

१४ जुलै

काल आणि आज सकाळी बिभीषणच्या रानात गेलो. तो गावात गेलेला बघून. जमीन ओली आहे तोवर रोप मुळासकट निघतं. खुरप्यानं वरच्यावर कापून उपयोग नाही, पुन्हा फुटतं. दोन बोटांनी बुडाला धरायचं, हळूच ओढायचं, मुळी तुटली असं वाटलं तर कुदळीनं खणायचं. दोन सकाळींत एक कोपरासुद्धा झाला नाही. मी पेरलं किती सहज आणि निघतंय किती कष्टानं.

ठरवलंय की सगळं काढून झालं की त्याला जाऊन सांगायचं. माफी मागायची. आयुष्यात कुणाची मागितली नाही, पण मागायची. हा बिचारा काही न करता माझ्या शिव्या खात होता. बांध खाल्ला तो खाल्ला, बांध सगळेच खातात.

१५ जुलै

नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की मी काही वेगळं ऐकलं.

सकाळी वाकून रोपं काढत होतो. मान वर केली तर बिभीषण बांधावर उभा. कधीचा उभा होता कुणास ठाऊक. मी कंबर सरळ केली. माफीचं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तोच बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, कशाला उपटता? ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, माझ्या हातून झालंय, मीच निस्तरणार. तो म्हणाला, "बन्सी फुकाट बसला तवाच म्या वळखलं. धनगर कुनाच्या रानात फुकाट बसतो व्हय? लेंडीत बी दिसत व्हतं. रंगू म्हनली उठवा त्येला. म्या म्हनलं, बसू दे. दादाला कळलंय."

मी विचारलं, काय कळलंय?

तो माझ्याकडं बघत राहिला. मला कळलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं असणार. त्याला तिथंच थांबता आलं असतं. नाही थांबला. म्हणाला, "जीप घरीच व्हती."

मला आधी समजलंच नाही. मग तो खाली बसला आणि मातीकडं बघत सांगत राहिला. त्या दिवशी सकाळी बांधावर त्याचं नि मुक्ताचं भांडण झालं. मुक्तानं त्याच्या पोराबाळांवरून शिव्या घातल्या. दुपारी आरती पळत त्याच्या दारात गेली, तेव्हा शाळकरी होती ती, म्हणाली, तात्या, आईला चावलं, जीप काढा. त्यानं सांगितलं, जीप तिसगावला गेलीय. जीप कडब्याच्या गंजीमागं उभी होती. चावी त्याच्या खिशात होती.

"चावलं म्हनली पोरगी. काय चावलं ते म्या इचारलं न्हाई. म्हनलं इच्चू आसंल. म्हनलं तडफडंल दोन घंटे, जिरंल तिची."  मग म्हणाला, "इच्चू न्हवता."

मग गावातले लोक मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला पाथर्डीला न्यायला निघाले होते. वाटेतच गेली. मला भिंगारला फोन आला तेव्हा मी पंप सुरू करत होतो. हे त्यानं सांगितलं नाही, हे माझं.

माझ्या हातात एक रोप होतं, मुळासकट. ते कधी टाकलं ते आठवत नाही. घरी आलो.

१७ जुलै

आरतीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. जीप मागायला तीच गेली होती. साप चावला असं नीट बोलली नाही म्हणून आई गेली, असं ती जन्मभर धरून बसेल. तिला मी ओळखतो, माझीच पोर आहे. तिनं विचारलं, तात्यांकडं जाऊन आलात का? मी म्हटलं, ऊन फार होतं.

चोर आणि संन्यासी एकच निघाला. मी फास दिला तो भलत्या गुन्ह्याला. आता खऱ्या गुन्ह्याला माझ्याजवळ काय उरलंय?

१९ जुलै

दिवसभर ओट्यावर बसून होतो. पोलिसात जावं? काय सांगणार, जीप दिली नाही? यावर कलम नसतं. कुऱ्हाड घेऊन जावं? गुरुवारी, त्या दिवशी, गेलोही असतो. आज नाही, कारण मग आरतीला का ते सांगावं लागेल.

एक गोष्ट हाताशी आहे. रोपं उपटणं बंद करायचं. बस्स. ती वाढतील. तळ्याखालचं रान जाईल, विहिरीवर जाळी चढेल, दिवाळीनंतर तो कोयता घेऊन निघेल. एप्रिलात जे मला हवं होतं तेच. तेव्हा कारण खोटं होतं, आता खरं आहे. काही करावंसुद्धा लागणार नाही.

आज पहिल्यांदा बरं वाटलं.

२३ जुलै

रंगुबाई आली होती. आरती ड्यूटीवर होती ते बरं. रंगुबाई दारातच बसली, आत आली नाही. जीपचं तिला माहीत होतं. जीप विकायला लावली ती तिनंच.

म्हणाली, बिभीषणनं ऊसतोडीच्या मुकादमाकडं नाव घातलंय. घरातला जुना कोयता काढून लोहाराकडं धार लावायला दिलाय. रानात पाऊल टाकत नाही, तिलाही टाकू देत नाही. आणि जेवतोय. नीट जेवतोय. रात्री घोरतो. आठ वर्षांत इतकं गाढ झोपलेलं मी त्याला बघितलं नाही, असं म्हणाली.

मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "म्हनतो, दादाचं फिटलं. रान गेलं की फिटलं. दाजी, तुमी तेवढं सांगा त्येला. ह्या वयात ऊस तोडाया गेला तर मानूस माघारी येईल का?"

 ती गेली.

 बायकोच्या जिवाच्या बदल्यात एक रान. आणि तो घोरतोय. ज्या काट्यांची मी वाट बघतोय त्याच काट्यांची तोही वाट बघतोय. मी पेरलेलं बी त्याच्या कामाला आलं. रान देऊन मोकळा व्हायला निघालाय. कारखान्यावर राबेल, कुडकुडेल, आणि मोळी डोक्यावर घेताना मनात म्हणेल, फेडतोय. तेवढं सुख मी त्याला देऊ?

२४ जुलै

सकाळीच कुदळ घेऊन गेलो. तळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यापासून धरलं. आता काटा कडक होत आलाय, मुळी हातभर गेलीय. एकेकाला खणावं लागतं. बाजरीची ओळ मोडू द्यायची नाही, बाजरी चांगली यायला हवी.

दुपारी बिभीषण आला. धावतच आला. कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाला, दादा, हे काय करता, राहू द्या. मी खणत राहिलो. तो माझ्या समोर आडवा झाला. मी वळसा घालून पुढच्या रोपाला गेलो. मग त्यानं हात जोडले. असा रडवेला आवाज मी त्याचा लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता.

"दादा, पाया पडतो. हे येवढं ऱ्हाऊ द्या मला."

मी म्हणालो, "कोयता लोहाराकडनं परत आण. मुकादमाला नाही म्हणून सांग. तू कुठं जायचं नाहीस. इथं राहायचं, ह्या रानात, माझ्या बांधाला. हे रान मी लख्ख करून देणार आहे. बाजरी येईल, तिची भाकर खायची. रोज."

त्याला समजलं.  मग बांधावर जाऊन बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

३० जुलै

निम्मं रान झालं. बिभीषण रोज येतो आणि बांधावर बसतो. रोपाला हात लावायची मी त्याला परवानगी दिलेली नाही. एकदा उठून आला होता, त्याला परत पाठवलं. आज ऊन कडक होतं, तर त्यानं तांब्या भरून माझ्या वाटेत ठेवला आणि लांब जाऊन बसला. प्यालो. तहान लागली होती म्हणून.

रंगुबाई म्हणते, पुन्हा झोप नाही त्याला.

११ ऑगस्ट

शेवटची पट्टी आज संपली. बाजरी छातीला लागली, तुरीनं अंग धरलंय. रानात वेड्या बाभळीचं एक पान शोधून सापडायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात राहिलेलं बी उगवेल, तेव्हा पुन्हा येईन. त्याच्या पुढच्याही. बी वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं म्हणतात.

संध्याकाळी आरती चिमटा आणि कापूस घेऊन बसली. माझ्या तळव्यातले काटे काढता काढता म्हणाली, गावात सगळे म्हणतात, सहादेव अण्णांनी भावाचं रान वाचवलं, अशी भावकी बघितली नाही. मग विचारलं, "तात्यांवरचा राग गेला ना तुमचा?"

मी म्हणालो, गेला असता तर रोपं राहू दिली असती.

तिला काही ते समजलं नाही. म्हणाली, दुसरा हात द्या.